फीडर केबल तुटली: जॉइंट मारायचा की नवी ओढायची?

सोसायटीच्या आवारात खोदकाम होतं, जेसीबीचा दात बसतो आणि मीटर रूमकडे वीज नेणारी मुख्य केबल, म्हणजे फीडर, तुटते. साडेतीन कोअर (तीन पूर्ण जाडीच्या तारा, न्यूट्रलची साधारण अर्धी), ॲल्युमिनियमची, आर्मर्ड (बाहेरून पोलादी कवच असलेली). बाकी केबल ठणठणीत असेल तर माझं मत जॉइंटकडे. खर्च कमी, दिवसाभरात वीज परत.

पण जॉइंट म्हणजे वायरी पिळून काळी टेप गुंडाळणं नव्हे. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर धरतो. तो ब्रशने घासून, पेस्ट लावून, योग्य मापाचा फेरूल (दोन टोकं जोडणारी धातूची नळी) हायड्रॉलिक क्रिंपिंगने, म्हणजे दाबयंत्राने, घट्ट दाबावा लागतो. नीट नाही दाबला तर? १०० अँपिअरला फक्त १० मिलिओहम जादा रोध म्हणजे त्या बोटभर जागेत १०० वॅट उष्णता. जमिनीत पुरलेला पेटता बल्बच! वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी), आणि हमखास विसरली जाते ती आर्मर जोडणारी पट्टी. ती नसेल तर आर्मरवर विसंबलेलं अर्थिंग तिथेच संपतं.

नव्या सलग केबलमध्ये ही डोकेदुखी नाही, पण पूर्ण चर खणायचा आणि लोकांच्या शिव्या खायच्या. तरीही मेगरचं (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरचं) रीडिंग पडलेलं असेल, केबलमध्ये पाणी शिरलं असेल किंवा आधीच दोन-तीन जॉइंट असतील, तर नवीच टाका.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा विनियमांनुसार असं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. अमेरिकेचा एनईसीही (तिथला राष्ट्रीय विद्युत कोड) फीडरमधल्या जॉइंटला सरसकट मनाई करत नाही.