दहावीनंतर ड्राफ्टिंग: आयटीआय की डिप्लोमा?

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आली म्हणून मुलाला ड्राफ्टिंगला, म्हणजे इमारतींची किंवा यंत्रांच्या भागांची तांत्रिक ड्रॉइंग काढायला घालायचं, हा हिशेब आधी बाजूला ठेवा. इथे शेडिंगचा हात कामाला येत नाही. समोरून आणि वरून काढलेली दोन दृश्यं बघून अख्खी वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते का, ते पाहा. राहत असेल, तर आयटीआयचा ड्राफ्ट्समन (आरेखक) ट्रेड आणि पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, यांत निवड करायची.

आयटीआय २ वर्षांचं. सिव्हिल की मेकॅनिकल, ते प्रवेश घेतानाच ठरतं आणि मग बहुतेक वेळ ड्रॉइंगच्या प्रॅक्टिकलमध्येच जातो: प्रोजेक्शन (वस्तूची वेगवेगळ्या बाजूंची दृश्यं), सेक्शन (वस्तू कापली तर आतून कशी दिसेल ते), मापं टाकणं, आधी हाताने आणि मग कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर. डिप्लोमा ३ वर्षांचा, परीक्षा एमएसबीटीईची, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची. त्यात ड्रॉइंग हा बऱ्याच विषयांतला एक. सिव्हिलवाल्याला सर्व्हे, एस्टिमेट, काँक्रीट, स्ट्रक्चर असं सगळंच शिकावं लागतं. म्हणून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोघांना शेजारी बसवलं, तर आयटीआयचा मुलगा शीट लवकर संपवतो, पण बीमची खोली तेवढीच का, हे डिप्लोमावाला सांगतो. माझ्या मते खरा फरक एवढाच आहे, आणि तो पुढे पदात आणि पगारात उतरतो.

सरकारी भरतीत तर तो स्पष्ट दिसतो. नगररचना विभागातल्या अनुरेखकासारख्या (ट्रेसर) पदांना ड्राफ्ट्समनचं शिक्षण चालतं. कनिष्ठ अभियंता व्हायचं तर डिप्लोमा हवाच. खासगीत सिव्हिलवाल्याला आर्किटेक्टचं ऑफिस तालुक्याच्या गावीही सापडतं. मेकॅनिकलवाल्याला मात्र चाकण, वाळूज, अंबड अशी एमआयडीसी गाठावी लागते. घर सोडायची तयारी नसेल, तर हे प्रवेशाआधीच बोलून घ्या.

गणित कच्चं आहे किंवा घरात लवकर कमाई हवी आहे, अशा मुलाला मी आयटीआयच सुचवेन. ते रस्ता बंद करत नाही. दहावीनंतर २ वर्षांचं आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. २ अधिक २, म्हणजे सरळ डिप्लोमापेक्षा एकच वर्ष जास्त, आणि मधल्या काळात हातात ट्रेडचं सर्टिफिकेट. मात्र पहिल्या वर्षाचं गणित चुकवून गेलेली मुलं तिथे अडखळतात. ते सुट्टीत करून घ्यायला लागतं. पुढे डिग्री करायचं नक्की असेल, तर हा वळसा नको. सरळ डिप्लोमा करून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जावं.

कॅडचा खासगी क्लास या दोन्हींची जागा घेत नाही. तिथे कमांड शिकवतात. भिंतीतून सेक्शन कुठून घ्यायचा, हे सहसा कोणी शिकवत नाही. बऱ्याच महापालिकांत बांधकामाचा नकाशा आता ऑनलाइन दाखल होतो आणि लेयर (ड्रॉइंगमधले वेगवेगळे थर) ठरवून दिलेल्या पद्धतीने नसतील तर सॉफ्टवेअरच तो परत पाठवतं. असल्या गोष्टी ऑफिसात काम करतानाच कळतात. क्लास करायचाच तर शेवटच्या वर्षात करा, आणि जिथे नोकरी बघताय तिथे रेव्हिट (इमारतींसाठीचं सॉफ्टवेअर) चालतं की सॉलिडवर्क्स (यंत्रांच्या भागांसाठीचं), ते विचारून मग पैसे भरा. ऑटोकॅडच्या सरावासाठी पैसे घालवू नका; पात्र संस्थेतल्या विद्यार्थ्यांना ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनी मोफत देते.

फीचं म्हणाल तर सरकारी आयटीआय आणि सरकारी पॉलिटेक्निक दोन्ही झेपतात. खासगी पॉलिटेक्निकला जाण्याआधी एकदा तिथली कॅड लॅब बघून या. कॉम्प्युटर किती चालू आहेत, ते मोजा.