मोठी सल्लागार कंपनी की छोटं कार्यालय? वस्तीच्या पाणीयोजनेसाठी कुणाला बोलवावं

पाणीयोजना करायचं ठरलं, निधीची सोय झाली, की समितीपुढे लगेच प्रश्न येतो तो आराखडा कुणाकडून करून घ्यायचा याचा. एकीकडे पाणी, वीज, रस्ते, भूगर्भ असे सगळे विभाग असणारी मोठी सल्लागार कंपनी. दुसरीकडे दोन-तीन माणसांचं कार्यालय, जिथे लेव्हल घेणारा, म्हणजे जमिनीचा चढ-उतार मोजणारा, आणि नकाशावर सही करणारा इंजिनियर बहुधा एकच असतो. आमच्या वस्तीच्या पाणी समितीने कुणाला घेतलं, हे तुम्ही विचारलंत. आम्ही दोघांकडून काम करून घेतलं आहे: मूळ योजना मोठ्या कंपनीकडून, वाढीव टप्पा छोट्या कार्यालयाकडून. फी कशी ठरते, निविदा कशी काढतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यात शिरत नाही.

आधी मोठ्या कंपनीचं श्रेय तिला देतो. आमची उपसा वाहिनी, म्हणजे पंपापासून वरच्या टाकीपर्यंतचा पाइप, लांब आणि सलग चढाची आहे. वीज गेली की पंप एकदम थांबतो, वर चढणारं पाणी मागे फिरतं आणि पाइपात दाबाची लाट धावते. लोखंडी पाइपात या लाटेचा वेग सेकंदाला हजार मीटरच्या आसपास असतो. पाइप फुटतो किंवा जोड निसटतो तो अशाच वेळी. कंपनीने याचा वेगळा हिशेब केला, पाइपातली हवा आत-बाहेर सोडणाऱ्या एअर व्हॉल्व्हच्या जागा ठरवल्या आणि पंपघरात सावकाश मिटणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारी झडप, सुचवला. आज वीज गेली आणि तुम्ही पाइपावर हात ठेवून उभे असलात, तर हाताला हलकी थरथर जाणवते, तेवढीच. हे काम एकट्या माणसाने इतकं नेटकं केलं असतं का, मला शंका आहे.

स्रोताच्या बाबतीतही मोठ्यांचं पारडं जड. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून जंतुमुक्त पाण्यासाठी लाखो नलिका विहिरी घेतल्या गेल्या आणि त्या भूजलात आर्सेनिक असल्याचं १९९३ मध्ये समोर आलं. नळ, पंप, खोदाई सगळं ठीक होतं, पाणीच तपासलेलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आर्सेनिकसाठी लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि फ्लोराइडसाठी १.५ मिलिग्रॅम आहे. तुमच्या भागात यांपैकी कशाचीही कुणकुण असेल, तर ज्यांच्याकडे भूजलतज्ज्ञ आणि प्रयोगशाळेची व्यवस्था आहे त्यांच्याकडेच जा.

विजेच्या बाबतीत मला दोघांत फार फरक दिसला नाही. गणित दोघांचं एकच: तासाचे घनमीटर गुणिले चढाचे मीटर, भागिले ३६७, की किलोवॅट मिळतात. तासाला १० घनमीटर पाणी ६० मीटर चढवायला १.६ किलोवॅट लागतात. पंप-मोटरची मिळून कार्यक्षमता निम्मी धरली तर ३.३ च्या घरात. फरक पडला तो बोलण्यात. छोट्या कार्यालयाच्या इंजिनियरने पंपचालकाला शेजारी बसवून विचारलं, वीज किती वाजता जाते, टाकी कधी ओसंडते, रात्री कोण येतं. मग सुचवलं की टाकी थोडी मोठी घ्या आणि उपसा दिवसा, सौर पंपावर करा, म्हणजे बॅटरीचं लोढणं गळ्यात नको. उपसा वाहिनीचा व्यास वाढवण्याबद्दलही तोच बोलला. तेवढ्याच प्रवाहाला व्यास वीस टक्क्यांनी मोठा घेतला तर घर्षणात जाणारा दाब निम्म्याच्या खाली येतो. पाइपाचा खर्च एकदाच होतो, वीजबिल मात्र कायमचं.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल फिरवला, तिच्याकडे येतो.

योजना सुरू झाल्यावर काही काळाने वरच्या अंगाला नवी घरं झाली. समितीपुढचा प्रश्न साधा होता: सध्याच्या वाहिनीवरून त्यांना जोडणी दिली, तर आधीच्या घरांचं पाणी तुटेल का? उत्तर कंपनीच्या हिशेबात होतं. त्यांनी पाइपांच्या संपूर्ण जाळ्याचं मॉडेल, म्हणजे कुठे किती पाणी आणि दाब मिळेल हे सांगणारा संगणकावरचा नमुना, एपानेटवर केलेलं होतं. एपानेट हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये आणलेलं सॉफ्टवेअर. कुणालाही फुकट मिळतं, साध्या संगणकावर चालतं. आमच्या कपाटात मात्र होता तो जाडजूड, सुबक बांधणीचा अहवाल. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक जोडबिंदूची (जिथे पाइप एकमेकांना मिळतात त्या जागेची) उंची, मागणी आणि दाब यांचे तक्ते छापलेले. छापील तक्त्यात नवं घर घालता येत नाही. आम्ही फाइल मागितली. उत्तर आलं की कामाच्या फाइली कंपनीची मालमत्ता असतात, वाढीव अभ्यास हवा असेल तर नवा प्रस्ताव पाठवू.

नियमाने ते चूक नव्हते, हे सांगायला हवं. सल्लागार अभियंत्यांची फिडिक ही आंतरराष्ट्रीय संघटना १९१३ पासूनची. ग्राहक आणि सल्लागार यांच्यातल्या तिच्या नमुना कराराला व्हाइट बुक म्हणतात. अशा करारांत कागदपत्रांचा कॉपीराइट सल्लागाराकडे राहतो आणि ग्राहकाला त्या कामापुरती वापराची मुभा मिळते. पण लेव्हल घेताना मोजपट्टीची काठी धरून उभी राहिली ती आमची माणसं, घरोघरची माणसं मोजून दिली ती आमच्या बायकांनी, आणि एका जोडणीचं उत्तर मिळवायला पुन्हा निविदेपासून सुरुवात करायची, हे मला आजही पटत नाही. पाणीयोजना कधी पूर्ण होत नसते. घरं वाढतात, पंप बदलतो, एखादा पाइप बंद करावा लागतो. दर वेळी हिशेब दुसऱ्याच्या कुलपात असेल, तर समिती अंदाजानेच निर्णय घेत राहणार.

छोट्या कार्यालयाने छापील तक्त्यांवरून मॉडेल नव्याने उभं केलं. ते आमच्यासमोर, समितीच्या टेबलावर. नव्या घरांची मागणी घातली, सकाळची गर्दीची वेळ निवडली, आणि वरच्या टोकाच्या नळाशी दाबाचा आकडा उणे झाला. उणे म्हणजे तिथे नुसतं पाणी येणार नाही एवढंच नाही, कुठे फट असेल तर पाइप बाहेरचं गढूळ पाणी आत ओढणार. मग इंजिनियरने मधल्या एका तुकड्याचा व्यास वाढवून पुन्हा चालवलं आणि आकडा सात मीटरच्या वर गेला, म्हणजे पाणी तेवढं उंच चढेल इतका दाब. कोणता तुकडा बदलायचा हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं. निघताना त्याने फाइल पेनड्राइव्हवर दिली. आमची पंपचालक मुलगी आता ती स्वतः उघडते आणि नव्या जोडणीचा अर्ज आला की आधी आकडे घालून बघते.

छोट्यांची अडचण ठाऊक असावी: तो एक माणूस आजारी पडला, की काम थांबतं. आमचंही रखडलं होतं. शिवाय आधीच्या कंपनीचे तक्ते नीट होते म्हणून त्याचं काम सोपं झालं, हेही खरं. सगळ्याच मोठ्या कंपन्या फाइल अडवून ठेवतात असं मला म्हणायचं नाही, माझा अनुभव एकाच कंपनीचा आहे.

तरी विचारलंत म्हणून सांगतो. शुद्धीकरण केंद्र, धरण, लांब उपसा किंवा संशयास्पद स्रोत असेल तर मोठी कंपनी घ्या. वितरणाचं जाळं, टाकी, सौर पंप, वाढीव टप्पा एवढंच असेल, तर मी पुन्हा छोट्या कार्यालयाकडेच जाईन. आणि कुणालाही घेतलं तरी करारात एक कलम घाला: मॉडेलची चालू फाइल, बदलता येतील असे नकाशे आणि काम झाल्यानंतरचे प्रत्यक्ष मोजमापाचे नकाशे समितीला मिळतील, आणि ते वापरण्याचा, दुसऱ्या इंजिनियरला दाखवण्याचा हक्क समितीला राहील. शेवटचा हप्ता देण्याआधी ती फाइल समितीच्या संगणकावर उघडा, एखाद्या बिंदूची मागणी बदला आणि चालवून बघा.