‘नवीन’ लिथियम सेल घेताना सावध रहा, सोलापुरातला माझा अनुभव

सोलापुरात जुनी इलेक्ट्रिक कार अजून चालवणारे लोक मोजकेच, त्यामुळे तिच्या बॅटरीचं काम करणारेही मोजकेच, आणि त्यातला एक जण वापरलेले सेल ‘नवीन’ म्हणून कसे बसवून देतोय ते बाकीच्यांना कळावं म्हणून लिहितोय. दुकानाचं नाव टाकत नाही कारण ग्राहक आयोगात तक्रार चालू आहे. गाडीच्या कंपनीचा यात काही संबंध नाही म्हणून मॉडेलपण सांगत नाही.

माझी गाडी छोटी, ४८ व्होल्टवाली. आत एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे १६ सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले, त्या सगळ्यांचा मिळून पॅक. वॉरंटी कधीच संपली म्हणून मेंटेनन्स मी घरीच करतो. आता हे वाचून कुणी हल्लीच्या गाडीचा पॅक खोलायला जाऊ नका बरं, त्यात ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो, माणूस जागेवर जाईल, आणि त्या गाड्यांना बहुतेक ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची बॅटरी वॉरंटी असते ती जाईल ते वेगळंच. माझ्या ४८ व्होल्टलासुद्धा हात लावताना अंगठी, कडं, घड्याळ सगळं काढून ठेवतो, पान्याला दांड्यापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असते, कारण दोन टर्मिनलवर पाना आडवा पडला तर तो तिथंच वेल्डिंग होऊन बसतो.

घरचा मेंटेनन्स म्हणजे काय फार नाही, बसबारचे (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे) नट ढिले झालेत का बघायचे, कुठली जोडणी जास्त तापते का बघायचं आणि गाडी लोडवर, म्हणजे बॅटरीतून करंट ओढत असताना एकेका सेलचं व्होल्टेज वहीत लिहून ठेवायचं. या वहीमुळेच मला माहीत होतं की रेंज कशामुळे कमी झालीय. पूर्वी अक्कलकोटला जाऊन यायची आरामात, मग ते जमेना. वहीत बघितलं तर लोडवर १५ सेल ३.१५ व्होल्टच्या आसपास आणि ११ नंबरचा सेल २.७ ला कोसळतोय. सिरीजमध्ये एक सेल संपला की बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, सगळा पॅक बंद करतं, म्हणजे दुखणं एकाच सेलचं होतं.

तेवढा एक सेल बदलून घ्यायला त्या दुकानात गेलो. माणूस बोलायला एकदम गोड. म्हणाला, "सर, एकच बदलला तर बाकीचे जुने त्याला खाऊन टाकतेत ओ, सेटच बदलावा लागतंय." हे अर्धंच खरं आहे. अगदी वेगळ्या क्षमतेचा सेल घातला तर त्रास होतो, पण बाकीच्यांच्या क्षमतेला जुळणारा बघून घातला आणि आधी सगळे पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडून ३.६५ व्होल्टपर्यंत बॅलन्स केले तर पॅक चालतो. त्याचं म्हणणं, जुने २१० एएचचे (एएच म्हणजे अँपिअर-अवर, सेलच्या क्षमतेचं माप) काढू, नवीन २३० एएचचे ग्रेड ए म्हणजे अव्वल दर्जाचे घालू, वर ब्लूटूथवाला बीएमएस, मोबाईलवर सगळं दिसेल. सांगितले १,१५,०००, शेवटी जुने सेल त्याला द्यायचे आणि वर ९८,००० असं ठरलं. पक्कं बिल मागितलं तर, "१८ टक्के जीएसटी कशाला भरताय सर, मी हाय की हितं."

आता गंमत बघा. गाडी ताब्यात देताना त्याने जे जे आकडे दाखवले त्यासाठी मीटर किंवा ॲप बिघडवलेलं नव्हतं, तरी त्यातल्या एकावरूनही सेल नवे आहेत हे ठरत नाही. मल्टिमीटरवर प्रत्येक सेल ३.३० व्होल्ट, सोळाच्या सोळा एकसारखे, "बघा सर, कंपनीतून आल्यासारखे." ॲपमध्ये सायकल काउंट (किती वेळा भरून उतरवलं तो आकडा) शून्य. क्षमता २३० एएच. चार्ज १०० टक्के.

एलएफपीचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, सेल ४० टक्के भरलेला असो की ७०, दाखवणार ३.३ च्या आसपासच, आणि सेल नवा की निम्मा मेलेला हे तर व्होल्टेजवरून कळतच नाही. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो तेव्हा सगळ्यांच्याच टाक्या काठोकाठ भरतात, पण कुणाची ५०० लिटरची आणि कुणाची २,००० ची हे काठाकडे बघून सांगता येतं का, तसंच आहे हे. सायकल काउंट बीएमएसचं सर्किट मोजतं, सेल नाही. सर्किट नवीन टाकलं की काउंट शून्य, मग खाली दहा वर्षं जुना सेल का असेना. आणि २३० एएच हा आकडा तर बसवणारा माणूस स्वतः ॲपमध्ये टाइप करतो! तिथं ५०० टाकलं तर ५०० दाखवेल.

पुढं व्हायचं तेच झालं. तुळजापूरहून परत येताना तामलवाडीच्या अलीकडे गाडी बंद, मोबाईलवर ४४ टक्के शिल्लक. बायको-पोरांना एसटीत बसवून दिलं आणि गाडी टेम्पोवर घालून आणली. त्याला फोन केला तर "कॅलिब्रेशन करावं लागतंय सर, दोन-चार वेळा फुल करून वापरा, बसतंय बरोबर."

माझा भाचा सोलर सिस्टीम बसवायचं काम करतो. त्याने पहिल्यांदा काय करायला लावलं तर घरच्या मीटरवर युनिट बघायला. १६ सेल, ३.२ व्होल्ट, २३० एएच म्हणजे पॅक साधारण पावणेबारा युनिटचा, चार्जरचा लॉस धरून रिकाम्यापासून फुल होईपर्यंत तेराच्या आसपास युनिट जायला पाहिजेत. गेले साडेसात. या एका गोष्टीला कुठलंही यंत्र लागत नाही, फक्त त्या वेळात घरातलं बाकी सगळं बंद ठेवायचं.

मग पॅक खोलला. भाचा म्हणाला, "मामा, टर्मिनल बघा की जरा." वरून चकचकीत, पण तिरका टॉर्च मारला की पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमवर जुन्या लेझर वेल्डिंगच्या गोल खुणा स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे हे सेल आधी कुठल्यातरी दुसऱ्या पॅकमध्ये वेल्ड केलेले होते, तिथून उखडून, घासून, नवीन बोल्ट लावलेत. निळी स्लीव्ह, म्हणजे सेलवरचं प्लास्टिकचं आवरण, कोपऱ्यात ब्लेडने कापली तर खाली अजून एक स्लीव्ह, फाटकी. चिनी सेलवर २४ अक्षरांचा क्यूआर कोड असतो, त्यात कुणी बनवला आणि कधी बनवला ते लपलेलं असतं. इथं काहींवर तो ग्राइंडरने खरवडलेला आणि काहींवर वर स्टिकर चिकटवलेला. स्टिकरचे सगळे कोड एकच! सोळा सेलना एकच नंबर, एवढासुद्धा त्रास घेतला नव्हता.

त्यानंतर ४० अँपिअरच्या टेस्टरवर एकेक सेल ३.६५ पर्यंत भरून २.५ पर्यंत उतरवला. सगळ्यात चांगला १७१ एएच, सगळ्यात खराब १२८. ते ४४ टक्के कुठून आले तेपण इथं कळलं, १२८ एएच वापरून खराब सेल संपला, आणि ॲप २३० मधून १२८ वजा करून बाकी दाखवत होतं. चार वायरवाल्या मीटरने इंटर्नल रेझिस्टन्स (सेलचा आतला रोध, सेल जुना झाला की वाढतो) बघितला, असल्या मोठ्या नव्या सेलचा पाव मिलिओहमच्या आसपास किंवा खाली असतो, इथं ०.६ ते ०.९ मिलिओहम. हे साध्या मल्टिमीटरवर मोजायला जाऊ नका, मीटर जाईल.

दुकानदाराला हे सगळं दाखवलं तर गोड बोलणं संपलं, "तुम्ही पॅक खोललाव, आता वॉरंटी नाही." कसली वॉरंटी, बिलच नाही. पण पैसे मी यूपीआयने दिलेले आणि व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः 'ग्रेड ए नवीन २३० एएच' लिहून पाठवलेलं, यावर वकिलाने तक्रार करून दिली. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला होता, तिथून त्याला निरोप गेला, त्याने उत्तर दिलं नाही. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी लागत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ज्यांना सेल घ्यायचेत त्यांनी पैसे देण्याआधी दोन सेल आपल्या डोळ्यासमोर फुल भरून, मग पूर्ण उतरवून किती एएच निघतात ते दाखवायला सांगा, दिवस जातो पण जाऊ द्या. आणि जुने सेल अजिबात देऊ नका. माझा मोठा तोटा खरं तर तिथं झालाय. ११ नंबर सोडला तर माझे बाकीचे १५ सेल ठणठणीत होते, ते त्याने उचलले आणि मला भंगार बसवून दिलं. ते १५ काही तो ठेवून घेणार नाही, नवीन स्लीव्ह चढवून कुणाच्या तरी सोलर इन्व्हर्टरला नाहीतर रिक्षाला 'नवीन' म्हणून लागले असणार. तेव्हा गेल्या काही महिन्यांत सोलापुरात कुणी बिलाशिवाय लिथियम बॅटरी बसवून घेतली असेल तर स्लीव्ह न कापता निदान टर्मिनलवर टॉर्च मारून बघा आणि स्टिकरचे नंबर एकमेकांशी ताडून बघा, सगळे सारखे निघाले तर मला कळवा, तक्रारीला जोडता येईल.