सेल्फ जळलाच नव्हता: कॅम्पर बंद पडल्यावर ३१,५०० रुपये कसे गेले

मुंबई-गोवा महामार्गावर पुण्याच्या एका कुटुंबाची ही फसवणूक झाली. गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेला डिझेल कॅम्पर. आत झोपायची सोय, फ्रिज, पाण्याचा पंप. गुहागरला समुद्रालगत दोन रात्री काढून मंडळी दक्षिणेकडे निघाली आणि चिपळूण ओलांडल्यावर चहाला थांबली. परत निघताना किल्ली फिरवली, तर बोनेटखालून एकच ‘टक’ ऐकू आलं. इंजिन हललंसुद्धा नाही. गॅरेजचं नाव आणि जागा इथे देत नाही, कारण याच पद्धतीने कुठल्याही हायवेवर कुणालाही लुटता येतं. ती पद्धत कळावी म्हणूनच हे लिहिलं आहे.

आतले दिवे लख्ख होते, पंखा चालत होता, नळाला पाणी येत होतं. त्यावरून कुटुंबाने ‘बॅटरी ठीक आहे’ असं धरलं, आणि फसवणुकीची सुरुवात तिथेच झाली. कॅम्परला दोन बॅटऱ्या असतात. एक फक्त इंजिनसाठी, दुसरी आतल्या दिव्या-पंख्यांसाठी. मध्ये एक रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच असतो. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, आणि इंजिन बंद होऊन व्होल्टेज १२.८ च्या आसपास उतरलं की वेगळ्या करतो. म्हणजे आतला दिवा कितीही लख्ख असला, तरी इंजिनच्या बॅटरीबद्दल किंवा तिच्या वायरिंगबद्दल तो काहीच सांगत नाही. हे मालकाला माहीत नसेल तर समोरचा पहिल्याच वाक्यात बाजी मारतो: “लाइट तर फुल आहे साहेब, म्हणजे सेल्फच जळलाय.” सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर.

टपरीवरून कुणीतरी फोन केला आणि दहा मिनिटांत बाइकवरून एक मिस्त्री आला. त्याच्याकडे व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटर नव्हता. त्याने टर्मिनल हलवून पाहिलं, पान्याने एक ठिणगी पाडून दाखवली आणि निदान सांगून टाकलं. मग सात किलोमीटर टोइंग. गॅरेजात सेल्फ खोलून जमिनीवर ठेवला, झाकण काढून आतली काळी भुकटी बोटावर घेतली आणि मालकाच्या डोळ्यांसमोर धरली. “बघा, आतून जळून कोळसा झालाय.” पुढे एक बारीक वायर लावून सेल्फला करंट दिला. सेल्फ टक् करून थांबला. मालकाची खात्री पटली.

हे दोन्ही प्रयोग खोटे होते. सेल्फच्या आत कार्बन ब्रश असतात, ते फिरताना घासतात आणि त्यांची काळी भुकटी प्रत्येक चालत्या सेल्फमध्ये सापडते. ती जळल्याची खूण नाही. खरोखर जळलेल्या सेल्फला वार्निश करपल्याचा उग्र वास येतो, तांब्याची गुंडाळी काळी पडते, तिच्यावरचा थर सुटतो. वायरचं म्हणाल तर, सेल्फ नुसता जमिनीवर फिरवायलाही बराच मोठा करंट लागतो आणि गाडीत इंजिन फिरवताना डिझेलला तो दोनशे अँपिअरच्या वर जातो. घरातल्या दिव्याच्या बटणाला असते तेवढ्या बारीक वायरने सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) टक् करेल, मोटर फिरणार नाही. चांगला सेल्फही त्या वायरवर फिरला नसता.

बिल असं होतं: ‘नवा’ सेल्फ १४,५००, नवी बॅटरी ९,८००, ‘ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) प्रोग्रामिंग’ ४,०००, टोइंग ३,२००. एकूण ३१,५००. कागद एका वहीचा, त्यावर ना जीएसटी नंबर, ना पार्टचा नंबर. जुना सेल्फ आणि जुनी बॅटरी गॅरेजातच राहिली. ती बॅटरी आठ महिन्यांची होती आणि वॉरंटीत होती.

गाडी मात्र पहिल्याच किल्लीला चालू झाली, आणि फसलेला माणूस पुढे कित्येक दिवस गप्प बसतो तो याच कारणाने. त्याला वाटतं, काम तर झालंच. या गाडीत इंजिनची अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिनचं लोखंड बॅटरीच्या मायनसशी जोडणारी पट्टी, सेल्फच्याच एका बोल्टखाली दाबलेली होती. खारी हवा आणि पावसाचं पाणी लागून तिथे गंज धरला होता. सेल्फ काढताना तो बोल्ट सुटला, बसवताना परत आवळला गेला, थोडा गंज खरवडला गेला आणि जोड तात्पुरता लागला. सेल्फ बदलल्याने काहीच दुरुस्त झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मालवणात पुन्हा तोच एक ‘टक’. या वेळी आलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने पान्याला हात लावायच्या आधी मीटर काढला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली आणि किल्ली फिरवायला सांगितली. तिथे शून्याच्या जवळ दिसायला हवं, ०.२-०.३ व्होल्टपर्यंत चालतं. दिसले सहाच्या वर. म्हणजे बॅटरीची निम्मी ताकद त्या गंजलेल्या जोडातच खपत होती. त्याने एक जंपर केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिन उचलायच्या हुकला लावलं, आणि गाडी चालू झाली. पट्टी काढली, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासल्या, नवी पट्टी टाकून बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. पट्टी आणि मजुरी मिळून ६०० रुपये. ‘नव्या’ सेल्फवर गंजावरूनच काळा रंग मारलेला निघाला आणि आतले ब्रश संपत आलेले. नव्या बॅटरीवरचा उत्पादनाचा कोड खरवडलेला होता.

जंपर केबलची ही युक्ती प्रत्येक कॅम्परवाल्याने पाठ करावी असं आम्हाला मनापासून वाटतं. पाच मिनिटं लागतात आणि अर्थिंगचा दोष जागेवर पकडला जातो. केबल मात्र जाड हवी, डिझेलला निदान २५ चौरस मिलिमीटर, तांब्याची. बाजारात जाड रबरात बारीक तार भरलेल्या केबल मिळतात, त्यांचा काही उपयोग नाही. लावण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि केबल फॅन-बेल्टपासून दूर.

मदत बोलावण्याआधी आवाज ऐका. हेडलाइट लावा, एकाला समोर उभं करा आणि किल्ली फिरवा. टक-टक-टक-टक असा भराभर आवाज आणि दिवे विझू-विझू होत असतील तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच टक आणि दिवे फारसे मंदावले नाहीत, तर अर्थिंग, प्लसची जाड केबल किंवा सेल्फ, याच क्रमाने पाहायचं. काहीच आवाज नाही आणि दिवे तसेच लख्ख, तर सेल्फचा रिले, फ्यूज, किल्लीचा स्विच, क्लचखालचा स्विच. घुर्र-घुर्र करून इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही, तर सेल्फ आणि बॅटरी दोन्ही निर्दोष आहेत. अशा वेळी कुणी सेल्फ बदलायचं म्हटलं तर त्याला तिथूनच परत पाठवा.

साध्या मल्टीमीटरवर आकडे असे वाचायचे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर ९.६ च्या खाली जायला नको. भरलेली असूनही त्याखाली कोसळत असेल तर बॅटरी खरंच गेली आहे, बहुधा एखादा सेल मेलाय. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग) बॅटरी चार्ज करतोय. प्लसच्या बाजूला बॅटरीच्या टोकापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत फरक चालतो. मिस्त्रीला फक्त इतकंच म्हणा: “भाऊ, आधी मीटर लावून आकडा दाखवा, मग पाना लावा.” प्रामाणिक कारागीर याने दुखावत नाही, तो स्वतःच मीटर काढतो.

इंजिनची बॅटरी उतरली असेल तर आतल्या बॅटरीवरून जंप करता येतं, म्हणजे तिचा करंट घेऊन सेल्फ मारता येतो, पण आतली लेड-ॲसिड असेल तरच. लिथियम असेल तर तिचं संरक्षण सर्किट सेल्फचा करंट पाहून बंद पडू शकतं. गाडीत दोन बॅटऱ्या जोडायचं आणीबाणीचं बटण बसवलेलं असेल, तर ते दाबून वीस-तीस मिनिटं इंजिनची बॅटरी चार्ज होऊ द्या, मग बटण सोडून सेल्फ मारा. दुसऱ्या गाडीवरून जंप करताना लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला. ते शेवटचं टोक बॅटरीवर लावायचं नाही, कारण तिथे वायू साचलेला असू शकतो आणि ठिणगी पडते.

इंजिन फिरतंय पण पकडत नाही, तेव्हाची फसवणूक वेगळी. इथे ‘पंप गेला’, ‘इंजेक्टर गेले’, ‘ईसीएम उडाला’ असे मोठे आकडे बाहेर येतात. आधी टाकीत डिझेल किती आहे ते बघा. मग फिल्टरमधलं पाणी तळाच्या बोल्टने काढा, डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली असेल तर हँड प्रायमर (डिझेल ओढायचा छोटा हातपंप) घट्ट होईपर्यंत दाबा. कॉमन रेल इंजिनला पेटण्याआधी रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या एका नळीत, साधारण २०० बारच्या वर दाब तयार व्हावा लागतो, त्यामुळे लाइनमध्ये थोडी हवा राहिली तरी ते पकडत नाही. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी किल्ली ओळखत नसेल, दुसरी किल्ली लावून पाहा. ईसीएम खराब आहे म्हणणाऱ्याने स्कॅनरवरचा कोड दाखवायला हवा. त्या स्क्रीनचा फोटो काढा. आणि बोनेट उघडं असताना अनोळखी माणसाजवळून हलू नका. एक रिले किंवा फ्यूज खिशात घातला, क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय का हे ईसीएमला सांगणाऱ्या भागाचा) कनेक्टर सैल केला, की किरकोळ दोषाचा मोठा दोष होतो, आणि तो ‘दुरुस्त’ करायला त्याच माणसाला एक सेकंद पुरतो. प्रवासाला निघण्याआधी फ्यूज बॉक्सचा स्पष्ट फोटो फोनमध्ये असेल तर कुठला रिले गायब आहे ते लगेच दिसतं.

मदतीचा नंबर नेटवर शोधू नका. कंपनीच्या नावाने टाकलेले बनावट नंबर तिथे असतात. पलीकडचा माणूस ‘नोंदणीचे १० रुपये’ म्हणून लिंक पाठवतो किंवा फोनमध्ये ॲप टाकायला लावतो, आणि खातं रिकामं होतं. नंबर विमा पॉलिसीवरचा किंवा गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा महामार्ग मदतीचा नंबर लावा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन करा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवायची संधी पहिल्या काही तासांतच असते. टोइंगचा दर गाडी उचलण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि साडेतीन-चार टनांचं वजन सांगून ठेवा.

दर आधी ठरवण्यामागे कायद्याचंही कारण आहे. सांगितलेलं काम केलं असेल तर मजुरी मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवायचा हक्क करार कायदा १८७२ च्या कलम १७० ने कारागिराला दिलेला आहे. म्हणून “करा काय ते” असं तोंडी म्हणू नका. काय करायचं आणि कितीत, एवढा एक मेसेज पाठवा. त्यापलीकडच्या कामासाठी गाडी अडवली तर ११२ वर फोन करा. काढलेला प्रत्येक जुना पार्ट गाडीत ठेवा, बॅटरीचा सीरियल नंबर आधीच टिपून ठेवा. बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी नंबर असेल तर त्याची सुरुवात महाराष्ट्रात २७ ने आणि गोव्यात ३० ने होते. जीएसटीच्या पोर्टलवर तो तिथल्या तिथे तपासता येतो.

बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात ती दोन वर्षांच्या आत करावी लागते, स्वतः राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही. या कुटुंबाकडे यूपीआयची नोंद आहे, वहीचा तो कागद आहे आणि मालवणच्या इलेक्ट्रिशियनने मीटरचे आकडे लिहून दिलेलं बिल आहे. रंग मारलेला सेल्फ त्यांनी पोत्यात बांधून ठेवलाय, नवा बसवला तरी तो टाकलेला नाही. जुन्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड घरी पुण्यात सापडलं, त्यावर सीरियल नंबर आहे.