सामाईक टेकडीवरचा रिपीटर: आधी आयसोलेटर घ्यावा की बँडपास कॅव्हिटी?

एकाच टेकडीवर हौशी रेडिओचा रिपीटर (एका वारंवारतेवर ऐकलेला संकेत दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा प्रक्षेपित करणारा संच), शासकीय बिनतारी यंत्रणेचे संच, एफएम प्रक्षेपण आणि मोबाइलचे मनोरे शेजारी उभे असतील, तर रिपीटरच्या रिसीव्हरमध्ये परका आवाज शिरण्याची वेळ सहसा येतेच. मग क्लबच्या वर्गणीतून ट्रान्समीटरसाठी आयसोलेटर (शक्ती एकाच दिशेने जाऊ देणारे उपकरण) घ्यावा की रिसीव्हरसाठी बँडपास कॅव्हिटी (ठरावीक वारंवारतेलाच वाट देणारी गाळणी), असा प्रश्न पडतो. दोन्ही उपकरणे उत्तम आहेत. परंतु एकाचे काम दुसरे करू शकत नाही, आणि चुकीचे उपकरण बसवले तर पैसेही जातात आणि व्यत्ययही तसाच राहतो.

एक उदाहरण घेऊ. भारतात दोन मीटरचा हौशी पट्टा 144 ते 146 मेगाहर्ट्झचा आहे. आपला रिपीटर 145.600 वर बोलतो व 145.000 वर ऐकतो, आणि शेजारचे दोन ट्रान्समीटर 150.300 व 155.600 वर चालतात, असे समजा. 150.300 च्या दुपटीतून 155.600 वजा केले की बरोबर 145.000 उरतात, म्हणजे ते दोघे एकाच वेळी चालू झाले की त्यांचे मिश्रण थेट आपल्या कानावर येते. हे मिश्रण तीन ठिकाणी होऊ शकते: आपल्या रिसीव्हरच्या पहिल्या टप्प्यात, एखाद्या ट्रान्समीटरच्या अंतिम टप्प्यात, किंवा मनोऱ्यावरच्या गंजलेल्या सांध्यात. मिश्रण यांपैकी कोठे होते, या एकाच प्रश्नावर खरेदीचा निर्णय अवलंबून आहे.

रिसीव्हरमध्ये मिश्रण होत असेल, तर बँडपास कॅव्हिटी हेच योग्य उत्तर आहे, कारण ती 150 आणि 155 मेगाहर्ट्झचे जोरकस संकेत रिसीव्हरपर्यंत पोहोचण्याआधीच दुबळे करते. मात्र मिश्रण बाहेर तयार होऊन 145.000 वरच येत असेल, तर जगातली कोणतीही कॅव्हिटी ते गाळू शकणार नाही, कारण तिच्या दृष्टीने तो आपलाच संकेत असतो. शेजारच्या ट्रान्समीटरच्या बाजूपट्ट्यांतील गोंगाट आपल्या वारंवारतेवर पडतो तेव्हाही हीच मर्यादा येते; तेथे कॅव्हिटी शेजाऱ्याच्या ट्रान्समीटरवर बसवावी लागते.

आयसोलेटर फेराइटच्या साहाय्याने शक्ती एकाच दिशेने जाऊ देतो. अँटेनातून उलट शिरणारा परका संकेत त्यामुळे ट्रान्समीटरच्या अंतिम टप्प्यापर्यंत पोहोचत नाही आणि तेथे मिश्रण होत नाही. परंतु तो ज्या ट्रान्समीटरमध्ये मिश्रण होते त्यालाच लावावा लागतो, आणि वरच्या उदाहरणात तो ट्रान्समीटर आपला नसून शेजाऱ्याचा असण्याची शक्यता अधिक आहे. शिवाय आयसोलेटर स्वतः काही प्रमाणात दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट वारंवारतेचा संकेत, निर्माण करतो. म्हणून त्याच्या पुढे, अँटेनाच्या बाजूला, वरच्या वारंवारता अडवणारा लो-पास फिल्टर हवाच. आपल्या रिपीटरला आयसोलेटर घेण्याचे खरे कारण वेगळ्या लक्षणात दिसते: बाहेरचा एखादा संच बंद होईपर्यंत रिपीटर स्वतःलाच चालू धरून ठेवतो. तेव्हा मिश्रणात आपले 145.600 सामील असते. ज्यांचा डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ट्रान्समीटर व रिसीव्हर एकत्र चालवणारी गाळणी) लहान आकाराचा, केवळ नॉच प्रकारचा, म्हणजे ठरावीक वारंवारताच अडवणारा आहे, त्यांनी या शक्यतेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तसा डुप्लेक्सर दूरच्या वारंवारता जवळजवळ जशाच्या तशा आत येऊ देतो.

निदानाची कसोटी स्वस्त आहे. रिसीव्हरच्या वाटेत 6 डेसिबलचा अटेन्युएटर (संकेत दुबळा करणारा जोड) घालावा आणि व्यत्ययाची पातळी मोजावी. ती 6 डेसिबलनेच उतरली, तर मिश्रण बाहेर होत आहे. सुमारे 18 डेसिबलने उतरली, तर ते रिसीव्हरमध्येच होत आहे, कारण तिसऱ्या श्रेणीचे मिश्रण (वरच्यासारखे, एकाच्या दुपटीतून दुसरे वजा होऊन बनणारे) डेसिबलमध्ये मूळ संकेतांच्या तिप्पट वेगाने घटते. ही पातळी कानाने ठरवू नये, कारण एफएम रिसीव्हरचा लिमिटर (सगळ्या संकेतांची पातळी सारखी करणारा टप्पा) ती झाकतो. संगणकाला जोडायच्या स्वस्त एसडीआर डोंगल रिसीव्हरच्या पडद्यावरही विसंबू नये. अशा टेकडीवर तो स्वतःच गुदमरून नसलेले संकेत दाखवतो.

टोन स्क्वेल्चला (ठरावीक सूर सोबत असलेल्या संकेतालाच रिपीटर उघडू देणाऱ्या सोयीला) मी या तुलनेत धरत नाही. तो रिपीटर विनाकारण चालू होऊ देत नाही, हे खरे. पण व्यत्यय रिसीव्हरमध्ये असतोच, आणि दूरच्या गावातून हँडहेल्डवर बोलणाऱ्याचा क्षीण आवाज त्याखाली दबलेलाच राहतो.

दोन्ही खरेद्यांच्या आधी दोन कामे करावीत. गंजलेले नट-बोल्ट, सैल क्लॅम्प आणि पाणी शिरलेले कनेक्टर बदलावेत, तसेच डुप्लेक्सरजवळच्या जोडकेबल दुहेरी तांब्याच्या जाळीच्या असाव्यात; ॲल्युमिनियमची पन्नी आणि जाळी एकत्र असलेली केबल तेथे स्वतःच खरखर निर्माण करू शकते. दुसरे काम अँटेनांच्या जागेचे. या पट्ट्यात एकाच उभ्या रेषेत 10 मीटर वर-खाली लावलेल्या अँटेनांमध्ये अंदाजे 55 डेसिबलचे विलगीकरण मिळते. तेवढ्याच आडव्या अंतराने, अँटेनांचा गेन (ठरावीक दिशेने वाढणारी ताकद) वजा करण्यापूर्वी, ते जेमतेम 36 डेसिबल भरते.

कसोटीने दोष रिसीव्हरकडे दाखवला तर कॅव्हिटी निःशंकपणे घ्यावी. दोष बाहेर दिसला आणि रिपीटर स्वतःला धरून ठेवत असेल, तर सांधे तपासून झाल्यावर आयसोलेटर घ्यावा. दोष बाहेर असून आपले प्रक्षेपण त्यात नसेल, तर काहीच विकत न घेता व्यत्ययाच्या वेळा आणि ऐकू आलेले आवाज आठवडाभर नोंदवावेत, आणि ती वही घेऊन मनोऱ्याच्या व्यवस्थापकाकडे जावे.