सॉन २८ हब डायनामो : दर महिन्याला दोनशे किलोमीटर करणाऱ्यांसाठी

वर्षातल्या बाराही महिन्यांत किमान एक २०० किमीची सायकल राइड पुरी करायची, असं ठरवलं की पाय, सीट आणि खाण्यापिण्याची काळजी सगळेच घेतात. उजेडाचं मात्र शेवटच्या क्षणापर्यंत भागवाभागवीवर चालतं. ब्रेव्हेच्या (ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या) नियमाप्रमाणे २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. दिवस लहान असतात त्या महिन्यांत दोनशेलाही अंधार गाठतोच. चारशेला तर अख्खी रात्र रस्त्यावर काढायची असते. बॅटरीचा दिवा पूर्ण झोतावर दोन-तीन तास टिकतो, थंडीत त्याहून कमी. मग झोत कमी करत, जास्तीच्या बॅटऱ्या वाहत, घड्याळाकडे बघत रात्र काढावी लागते. अनेक राइड पायांत दम असूनही याच कारणाने अर्धवट सुटतात.

यावरचा सगळ्यात पक्का इलाज म्हणजे हब डायनामो, म्हणजे पुढच्या चाकाच्या मधल्या भागातच (हबमध्ये) वीज तयार करणारा डायनामो, आणि त्यात सॉन २८. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या विल्फ्रीड श्मिट यांच्या कारखान्यात तो बनतो. सॉन हे ‘श्मिट्स ओरिगिनाल नाबेनडायनामो’चं लघुरूप. हे परीक्षण त्या हबचं, त्यावर चालणाऱ्या बुश उंड म्युलर कंपनीच्या आयक्यू-एक्स या पुढच्या दिव्याचं आणि वायरने जोडलेल्या मागच्या दिव्याचं आहे. हब जवळपास निर्दोष आहे. त्रास होतो तो हबपासून दिव्यापर्यंतच्या दीड हात वायरचा, आणि त्या वायरकडे बहुतेक जण सगळ्यात कमी लक्ष देतात.

टायरला घासून गुरगुरणारा जुना डायनामो डोळ्यांसमोर आणू नका. इथे तारेचं वेटोळं आक्साला (चाकाच्या मधल्या दांड्याला) पक्कं बसवलेलं असतं आणि लोहचुंबक लावलेलं हबचं कवच त्याच्याभोवती फिरतं. घासणारं असं काही नाही. चुंबकाचे २६ ध्रुव, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात विजेची १३ आवर्तनं. ताशी २० किमीला सेकंदाला साधारण ३५ आवर्तनं होतात आणि उजेड स्थिर दिसतो. चालण्याच्या वेगाला, ताशी ५ किमीला, ती आठ-नऊवर येतात. त्यामुळे खड्या चढावर ढकलत नेताना दिवा थोडा फडफडला तर तो बिघाड नव्हे. चाक हातात धरून आक्स फिरवला की कटकट अडल्यासारखं लागतं, तेही चुंबकांमुळेच. नवा हब हातात घेतलेले बरेच जण बेअरिंग गेलं म्हणून घाबरतात. एका ध्रुवापाशी जेवढी ताकद लागते तेवढी जवळजवळ सगळी पुढच्या ध्रुवापाशी परत मिळते, म्हणून चालत्या सायकलला ते जाणवत नाही.

‘ओढतो किती?’ हा प्रश्न सगळ्यांचाच असतो. दिवा बंद असताना एखादा वॅट, चालू असताना नेहमीच्या वेगाला पाच ते सात वॅट. लांब राइडला सायकलस्वार साधारण १२० वॅट लावतो असं धरलं तर हे पाच टक्क्यांच्या आसपास येतं. पण सपाटीवर बहुतेक ताकद हवेशी झगडण्यात जाते, त्यामुळे पाच टक्के ताकद गेली तरी वेग दोन टक्क्यांहूनही कमी घटतो. आठ तासांच्या रात्रीत आठ-दहा मिनिटं. अंधारात बॅटरी बदलायला एकदा थांबलात, हातमोजे काढले, पिशवी उपसली, की तेवढा वेळ जातोच. ओढीच्या भीतीने हब डायनामो टाळण्यात मला अर्थ दिसत नाही.

उजेडाचा दर्जा हा या जोडीचा सगळ्यात मोठा गुण. आयक्यू-एक्स १०० लक्सचा आहे, पण आकड्यापेक्षा झोताचा आकार महत्त्वाचा. जर्मन नियमांप्रमाणे झोताला वरून सरळ कड असते. उजेड रस्त्यावर पसरतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. टॉर्चसारखा गोल झोत अर्धा उजेड आभाळात घालवतो आणि जवळचा रस्ता इतका पांढरा करतो की पलीकडचं काहीच दिसेनासं होतं. रात्रभर तसल्या उजेडात डोळे थकतात, आणि डोळे थकले की झोप चढते.

मात्र ही कड नीट लावली नाही तर पैसे पाण्यात. सपाट जागी, नेहमीचं सामान लादून, सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. दिवा जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर असेल तर उजेडाची वरची कड भिंतीवर ७० सेंटिमीटरवर यायला हवी. पाच मीटरला पाच सेंटिमीटर उतार, म्हणजे कड ७५ मीटरवर रस्त्याला टेकते. दिवा आणखी फक्त एक अंश खाली झुकला की तीच कड २७ मीटरवर येते. ताशी ३० किमीने उतरताना २७ मीटर तीन सेकंदांत संपतात. दिव्याचा बोल्ट थोडा ढिला असेल तर खडबडीत रस्त्यावर हळूहळू नेमकं हेच होतं आणि स्वाराला वाटतं दिवाच मंदावला. लावताना बोल्टखाली दातेरी वॉशर घाला, आणि झोत जमल्यावर ब्रॅकेटवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. दिवा हलला की रेघ तुटलेली दिसते.

दिव्याची जागा शक्यतो फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) माथ्यावर. फार खाली, आक्सापाशी लावला तर बारीकशा खडीचीही लांब सावली पडते आणि प्रत्येक सावली खड्डा वाटते. हँडलबारला पिशवी असेल तर तिचा तळ झोत अडवत नाही ना, हे पिशवी भरून पाहावं. रिकामी पिशवी खोटा दिलासा देते.

हब घेताना सर्वांत जास्त चुका आक्सात होतात. क्विक रिलीजचा (लिव्हरने आवळायचा) १०० मिलिमीटर रुंदीचा हब आणि १२ मिलिमीटर थ्रू-आक्सलचा (फोर्कमधून आरपार जाणाऱ्या जाड आक्साचा) हब वेगळे आहेत. एक घेऊन दुसऱ्याचं काम होत नाही. फोर्क आधी मोजा. डिस्क ब्रेक असेल तर डिस्क सहा बोल्टने बसते की सेंटरलॉकने (मधल्या एकाच रिंगने), तेही बघा. स्पोकांची भोकं रिमइतकीच हवीत. लांब पल्ल्याला ३२ भोकं, दोन्ही टोकांना २.० आणि मधे १.८ मिलिमीटरचे स्पोक आणि पितळी निपल ही जोडणी भरवशाची आहे. डायनामोची फ्लँज (स्पोक अडकतात ती हबची कड) साध्या हबपेक्षा मोठी असते, त्यामुळे जुन्या चाकाचे स्पोक लांब पडतात. नव्या मापाने हिशेब करूनच घ्यावेत. वायर जोडायच्या हबवरच्या पाती फोर्कच्या उजव्या बाजूला येतील असं चाक बसवायचं. डिस्कवाल्या चाकात हे आपोआप होतं. रिम ब्रेकच्या चाकात ते उलट बसण्याची चूक होते, आणि मग टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाणही उलटा जातो.

आता वायर. हबवर ४.८ मिलिमीटर रुंदीच्या दोन चपट्या पाती असतात आणि त्यांवर वायरच्या टोकांच्या दोन टोप्या सरकवायच्या. नुसत्या दोन पदरी वायरने दिवा जोडला असेल तर कुठली टोपी कुठल्या पातीवर याने फरक पडत नाही. पुढचं चाक पंक्चर झालं की प्रत्येक वेळी या टोप्या काढाव्या लागतात, आणि इथेच खेळ बिघडतो. टोपी बोटांत धरून काढायची, वायर ओढून कधीच नाही. ओढली की आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. बाहेरून प्लास्टिक शाबूत दिसतं आणि दिवा खड्ड्यागणिक लुकलुकतो. चाक परत बसवताना आधी आक्स फोर्कमध्ये पूर्ण बसवा, आवळा, मग टोप्या लावा आणि चाक हाताने फिरवून दिवा लागलेला डोळ्यांनी पाहा. ही शेवटची पायरी रात्री तीन वाजता हमखास विसरली जाते. सुटलेली वायर स्पोकांत गेली तर क्षणात तुटते.

टोप्यांच्या आतली पितळी घडी बऱ्याच काढघालीनंतर सैल होते. बारीक पकडीने ती किंचित दाबली की पुन्हा घट्ट बसते. फार दाबली तर पुढच्या वेळी निघत नाही. टोपी आणि वायरच्या सांध्यावर हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवा. फोर्कच्या टोकापाशी तीन-चार सेंटिमीटरचा ढिला फास सोडा आणि त्याच्या वर वायर फोर्कला बांधा, म्हणजे ओढ सांध्यावर येत नाही. झिप-टाय करकचून आवळू नका. आवळलेला पट्टा महिनोन्महिने थरथरत वायरचं आवरण कापतो. मागच्या दिव्याची वायर फोर्कमधून फ्रेमवर जाते तिथे हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहा. ताण येत असेल तर वायर तिथेच तुटणार आहे, उशिरा का होईना.

दिवे गेले तर आधी मागची वायर पुढच्या दिव्यापासून सोडवा. बऱ्याचदा पुढचा दिवा लगेच पेटतो, कारण मागच्या वायरमध्ये शॉर्ट असला की दोन्ही दिवे अंधारतात. तरीही पेटला नाही तर मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून हबच्या पातींवर लावा आणि चाक फिरवा. वेगाबरोबर आकडा चढत असेल तर हब ठीक आहे, दोष वायरीत किंवा दिव्यात. शॉर्ट झाल्याने हब जळत नाही, विजेचा प्रवाह तो स्वतःच मर्यादित ठेवतो. पण काही न जोडता चाक जोरात फिरत असताना दोन्ही पाती बोटांनी धरू नका, व्होल्टेज बरंच वर जातं.

चार्जिंगबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवा. हबची क्षमता ६ व्होल्ट, ३ वॅट. चार्जर लावून ताशी २० किमीला यूएसबीवर साधारण अडीच वॅट हाती येतात. फोनची बॅटरी १८-१९ वॅट-तासांची असते, म्हणजे पूर्ण भरायला आठ-नऊ तास सतत चालवावं लागेल. अर्धा वॅट खाणारा जीपीएस मात्र आरामात निभतो. दिवा आणि चार्जर एकाच वेळी चालवायला वीज पुरत नाही. दिवसा चार्ज करा, रात्री फक्त दिवा. फोन थेट चार्जरला जोडणं ही सगळ्यांची पहिली चूक. चढावर वेग १०-१२ च्या खाली गेला की वीज तुटते, पुढच्या वळणावर परत येते, आणि दर वेळी स्क्रीन उजळतो. लांब घाटात फोन भरण्याऐवजी रिकामा होतो. मधे छोटी पॉवर बँक ठेवा. ती एकाच वेळी भरणारी आणि देणारी हवी, आणि वीज परत आल्यावर बटण न दाबता आपोआप सुरू होणारी. सगळ्या पॉवर बँका तशा नसतात, त्यामुळे घरी प्लग काढून-लावून आधी तपासा.

थांबल्यावर आयक्यू-एक्स काही मिनिटं मंद जळत राहतो. चौकात थांबल्यावर दिसण्यापुरता तो पुरेसा आहे, पंक्चर काढायला नाही. त्यासाठी हेल्मेटवर छोटा दिवा हवाच. मागे वायरच्या दिव्यासोबत बॅटरीचाही एक लाल दिवा ठेवा. पाठीमागचा दिवा गेलेला स्वाराला दिसत नाही.

हबचे उणे मुद्दे. चांगल्या साध्या हबपेक्षा वजन ३०० ग्रॅमच्या आसपास जास्त पडतं. वजन सलत असेल तर सुमारे ३९० ग्रॅमचा सॉन डीलक्स आहे. तो कमी ओढतो, पण कमी वेगाला वीजही कमी देतो. जिथे चढच चढ आहेत तिथे मी २८ च घेईन. दुसरी सायकल वापरायची तर चाक, दिवा, वायर सगळंच हलवावं लागतं. शिमानोचे डायनामो हब स्वस्त आहेत आणि सुरुवात करणाऱ्याला ते पुरतात. त्यांच्या प्लगमध्ये उघडे धागे वळवून घालावे लागतात, तेवढं काम हलक्या हाताने करायला शिकावं लागतं.

सर्वांत मोठी अडचण देखभालीची, आणि ती फार उशिरा येते. सॉन घरी उघडायचा नसतो. चालताना हब तापतो, थंड होताना आतली हवा आक्रसते आणि बेअरिंगमधून ओलावा आत ओढू पाहते. ते टाळायला आत दाब समतोल राखणारी वाट ठेवलेली आहे. हौसेने खोललं की ती बिघडते. जोरदार पाण्याचा फवाराही हबवर मारू नका, ओलं फडकं पुरे. कंपनीची वॉरंटी पाच वर्षांची आहे आणि बेअरिंग बदलण्याची वेळ साधारण ५०,००० किमीनंतर येते. दर महिन्याला एक दोनशे आणि मधली सरावाची राइड धरून वर्षाला सहा-सात हजार किमी होत असतील तर ती सात-आठ वर्षांनी. बेअरिंग कंपनी किंवा तिचं अधिकृत सेवा केंद्रच बदलतं, आणि चाक जाऊन यायला काही आठवडे लागू शकतात. बारा महिन्यांची साखळी चालू असेल तर चाक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, त्या महिन्याची राइड उरकून मगच पाठवा, आणि जुनं साधं चाक टायर-ट्यूबसकट तयार ठेवा.