"दोघांनी मिळूनच यायचं हं!" : हॉलिडे क्लबने आमचे १,४०,४६९ रुपये कसे खाल्ले

१,४०,४६९ रुपये. आकडा मुद्दाम आधी लिहिते, कारण "गेले असतील दहा-वीस हजार" असं धरून लोक पुढे स्वतःची हुशारी सांगायला लागतात. मी पतसंस्थेत कर्जविभागात काम करते. जामीनदाराने सही करण्याआधी कागद वाचावा म्हणून लोकांशी वाद घालणारी बाई आहे मी. तेव्हा "वाचून सही करायची ना" हे मला कुणी शिकवू नये. ते माझ्या मोठ्या जाऊबाईंनी भर पंगतीत शिकवून झालंय.

मॉलमधली कूपनं सगळ्यांना माहीत आहेत. मुलांना घेऊन सिनेमा बघायचा, बाहेर पडताना एक हसरी मुलगी पेन पुढे करते, एका बाजूला गाडी उभी असते, लकी ड्रॉ म्हणे. नाव, फोन, मूळ गाव, लग्न झालंय का, घरात मिळून महिन्याचं उत्पन्न किती, क्रेडिट कार्ड आहे का. सोडतीच्या चिठ्ठीवर क्रेडिट कार्डाची चौकशी कशाला, हे त्या गर्दीत कुणाच्या डोक्यात येतं? धाकटा स्वच्छतागृहात जायचं म्हणून हात ओढत होता. यांनी भरलं आणि दिलं.

चार दिवसांनी फोन. अभिनंदन, तुमचं कूपन निघालंय, रविवारी ठाण्याला या, तीन दिवस दोन रात्रींचं गिफ्ट व्हाउचर घेऊन जा, विकायचं काही नाही, फक्त छोटंसं प्रेझेंटेशन. आणि "दोघांनी मिळूनच यायचं हं!" मला तर ते ऐकून बरं वाटलं होतं, बायकोलाही विचारतात म्हणून. पण त्या आग्रहाचं कारण साधं आहे. एकटा माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून उठून जातो. दोघं समोर बसली की ती सोय राहत नाही. असा आग्रह झाला की तिथेच फोन ठेवा.

हॉटेलच्या हॉलमध्ये वीसेक गोल टेबलं, आणि गाणी इतकी मोठी की शेजारच्या टेबलावर कोण काय विचारतंय ते कळू नये. आमच्या वाट्याला पंचविशीचा एक पोरगा आला, टाय लावलेला, अदबशीर. "सर, मूळचे कुठले? कराड? अहो मी पण कराडचाच!" झालं, हे विरघळले. मला तो लगेच वहिनी म्हणायला लागला. तो कराडचा होता की कुठला देव जाणे. कूपनावर मूळ गावाचा रकाना होता हे मला फार उशिरा आठवलं.

मग प्रश्न. गेल्या वर्षी कुठे गेलात? गणपतीपुळे. किती खर्च आला? दहा वर्षांत किती होईल? भाववाढ धरली तर? एका कोऱ्या कागदावर तो निळ्या पेनाने गणित मांडत होता आणि आम्ही दोघं त्याला आकडे पुरवत होतो. मध्येच घंटा वाजायची, कुणीतरी माइकवरून "नवीन फॅमिली आपल्या परिवारात आलीय" म्हणायचं आणि सगळे टाळ्या पिटायचे. त्यातली किती जोडपी खरी आणि किती त्यांचीच, याची मला आज दाट शंका आहे.

क्लबच्या मेंबरशिपची सुरुवातीला सांगितलेली किंमत १,४५,०००. आम्ही उठायला लागलो तेव्हा मॅनेजर आला, खुर्ची ओढून बसला आणि ९८,००० वर आला. फक्त आज, या हॉलमध्ये असेपर्यंत. वर १८ टक्के जीएसटी १७,६४०, म्हणजे १,१५,६४०. यांच्या क्रेडिट कार्डावर ७५,००० आणि माझ्या डेबिट कार्डावर ४०,६४०. क्रेडिट कार्डाचे हप्ते "बिनव्याजी करून देतो" म्हणाले होते. बिलात व्याज लागलं, आणि त्या व्याजावर जीएसटी वेगळा.

आता ती गोष्ट, जी आठवली की मला अजून रात्री झोपेतून उठून बसावंसं वाटतं.

त्या कागदावर त्याने आम्हाला सगळं लिहून दाखवलं होतं. वर्षाला ७ दिवस. १० वर्षं. सीझन कुठलाही. मेंटेनन्स नाही. त्या "नाही"खाली दोन रेघा मारल्या होत्या. नको झालं तर मेंबरशिप विकता येईल, आम्हीच गिऱ्हाईक आणून देऊ. कार्डं स्वाइप झाली, हस्तांदोलन झालं, आणि त्याने तो कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात टाकला. मी बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर टाकला. मी म्हटलं, "तो कागद आमच्याकडे राहू द्या ना." तर हसून म्हणाला, "वहिनी, ते रफ आहे, सगळं अग्रीमेंटमध्ये टाइप होऊन येतंच." आमच्या संस्थेत मॅनेजर साधी व्याजाची आकडेमोड करून देतो तो चिठोराही खातेदार सोबत घेऊन जातो, आणि इथे मी गप्प बसले! पण अडीच तास त्या थंडगार हॉलमध्ये बसून, पोटात एक समोसा, मुलं शेजाऱ्यांकडे, त्यांचे फोनवर फोन, आणि यांचा चेहरा असा खुललेला की पुढच्या दहा वर्षांच्या सुट्ट्या जणू बॅगेत भरून झाल्या. अशा वेळी रफ कागदावरून तमाशा करणारी बायको कोण होणार? जी म्हणेल "मी झाले असते," तिने आधी त्या हॉलमध्ये बसून दाखवावं.

सह्या "इथे, इथे आणि इथे" अशा पानं उलटत घेतल्या. कराराची प्रत कुरिअरने आली तेव्हा मी ती शब्द न् शब्द वाचली. एका कलमात लिहिलं होतं की विक्री प्रतिनिधीने तोंडी किंवा हाताने लिहून दिलेलं कुठलंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. म्हणून तो कागद खिशात गेला! दुसऱ्या कलमात वार्षिक मेंटेनन्स ७,५०० अधिक जीएसटी, जा किंवा न जा. बुकिंग "उपलब्धतेनुसार". शाळेच्या सुट्ट्या, दिवाळी, नाताळ हे वगळलेले दिवस. पैसे परत नाहीत. असं कुठे सही करायची वेळ आलीच तर एवढंच म्हणा की करार आज घरी नेते, पैसे उद्या भरते. खरा धंदा असेल तर उद्याही तोच भाव देतील.

युरोपीय संघात टाइमशेअरच्या, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस सुट्टीला राहायचा हक्क विकणाऱ्या, करारांसाठी २००८ चा निर्देश आहे. ग्राहकाला १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे घ्यायलाच बंदी. आपल्याकडे करारात काही मुदत लिहिली असेल तर तेवढीच. ती असेल तर ईमेल करून लगेच रद्द करा, फोनवरच्या "बघतो मॅडम"वर ते दिवस घालवू नका.

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. डिसेंबरात तारकर्ली मागितलं, नाही. मे महिन्यात महाबळेश्वर, नाही. जुलैत, धो धो पावसात, तेही मंगळवार-बुधवारी, आहे! मेंटेनन्स भरल्याशिवाय बुकिंगच उघडत नाही म्हणून ८,८५० भरले, भरल्यावरही नाहीच. एकदा मी त्याच हॉटेलला थेट फोन केला. आमच्या क्लबने "फुल्ल" म्हणून सांगितलेल्या त्याच तारखेला खोली रिकामी होती, ३,२०० रुपये रात्र. हॉटेलवाला म्हणाला, त्या क्लबशी आमचं आता काही नाही. ते गिफ्ट व्हाउचर? त्याचं हँडलिंग म्हणून २,९९९ घेतले आणि व्हाउचरची मुदत "उपलब्ध नाही" ऐकण्यातच संपली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी अक्कलखाती मांडून गप्प बसले असते. पण यांना एक फोन आला. मेंबरशिप नंबर बरोबर, तारीख बरोबर, भरलेली रक्कम बरोबर. तुमची मेंबरशिप विकून देतो, हैदराबादचं गिऱ्हाईक तयार आहे, फक्त एनओसीचे (ना-हरकत दाखल्याचे) ११,००० अधिक जीएसटी, म्हणजे १२,९८० आधी भरा, ते परत मिळतात. हे पैसे यांनी मला न सांगता यूपीआयने भरले. हे इथे लिहायला त्यांची हरकत आहे. असू दे. पिन टाकायच्या आधी पैसे कुणाला जातायत ते नाव पडद्यावर येतं; तिथे कंपनी नव्हती, कुणा बाईचं नाव होतं. आमची सगळी माहिती ज्याच्याकडे होती तो एक तर त्या क्लबचाच माणूस किंवा क्लबने यादी विकलेला. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर विकला जातो हे लक्षात ठेवा. तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो म्हणून जो स्वतःहून फोन करतो, तो दुसरा चोर.

आता सरकारी दारांची कथा. आमच्या हद्दीतल्या पोलीस चौकीत गेलो. हवालदार करार उलटसुलट बघून म्हणाले, "सही तुमचीच ना? मग ही दिवाणी बाब झाली, कोर्टात जा." मी म्हटलं, खोटं सांगून पैसे घेतले ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. तर, "मॅडम वकील आहेत का?" मग म्हणे, व्यवहार ठाण्याच्या हॉटेलात झाला, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणे, कंपनीचं ऑफिस दुसरीकडे आहे, तिथे जा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कुठलीही असो नोंदवून घ्यावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय, पण ते टेबलापलीकडच्या माणसाला वाचून दाखवायचं धाडस कुठून आणायचं? शेवटी एक साधा अर्ज घेतला, पोच द्यायला कुरकुर. पोच घेतल्याशिवाय मी हलले नाही, तुम्हीही हलू नका.

बँकेत वेगळाच सूर. "पिन तुम्हीच टाकलात." रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे, इथे तुम्ही स्वतः पैसे दिलेत, असं मला ऐकवलं, जणू मला ते ठाऊक नाही. मी म्हटलं, पण सेवा मिळाली नाही म्हणून कार्डाच्या व्यवहारावर वाद नोंदवता येतो ना? येतो, पण उशीर झाला म्हणे. उशीर का झाला? कारण तोवर क्लबवाले "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणत होते आणि ग्राहक सेवेचा फोन लागला की दर वेळी नवा माणूस पहिल्यापासून सगळं विचारत होता! कार्डाने पैसे दिले असतील तर पहिलं बुकिंग नाकारलं त्याच आठवड्यात बँकेला लेखी कळवा. बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवस उत्तरच दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

त्या १२,९८० साठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. पण यांनी मला सांगितलंच आठवड्याने, तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेलेले. १९३० चा उपयोग पहिल्या काही तासांत, तेव्हा घरात कुणी लाजून गप्प बसलं असेल तर आधी त्याला बोलतं करा, भांडण नंतर. तक्रार क्रमांक मिळाला. तेवढाच मिळाला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली, त्यांनी कंपनीला पाठवली, कंपनीने "करारानुसार पैसे परत मिळत नाहीत" असं एका ओळीत कळवलं आणि तक्रार बंद. मग जिल्हा ग्राहक आयोग. एवढं मात्र खरं की तिथे वकील लागत नाही, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करायचा. समोरच्याने ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत म्हणणं मांडायचं, आणि शक्यतो ३ महिन्यांत निकाल, असं कायदा म्हणतो. ३ महिने! पण ते मोजायचे नोटीस पोचल्यापासून. आमची नोटीस "लेफ्ट" असा शेरा मारून टपालाने परत आली. पुन्हा पत्ता द्या म्हणाले. कंपनी पळून गेली तर तिचा पत्ता शोधणं माझं काम? रजा माझी, झेरॉक्स माझ्या, आणि बाकावर बसून दुपारी कळतं की आज सदस्य नाहीत.

गंमत बघा. ज्या पत्त्यावर नोटीस पोचत नाही, त्याच पत्त्याच्या लेटरहेडवर गेल्या आठवड्यात आम्हाला पत्र आलं : यंदाचा मेंटेनन्स ८,८५० रुपये, थकवला तर दंड. पाकिटासकट जपून ठेवलंय. पुढच्या तारखेला ते पुरावा म्हणून लावणार आहे.